सहाव्या पानावरची सही

आमच्या घरी कुठलाही कागद आला की तो माझ्यापुढे येतो. रेशनचा फॉर्म असो की विजेचं बिल, मी वाचायचं, बोट ठेवायचं आणि मोठ्यांनी तिथं सही करायची. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच.

आजीला लकवा झाला तेव्हाही तसंच झालं. आई-बाबा दोघंही कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, दिवसभर तिला उचलायला घरी कोणी नाही, म्हणून तिला यवतमाळच्या एका सेवाकेंद्रात ठेवायचं ठरलं. बाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून माझ्यासोबत नेरची आत्या आली. आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा गेल्यावर तिनं घरावर स्लॅब टाकायला म्हणून पोस्टात थोडी रक्कम ठेवली होती.

केंद्रात टेबलामागच्या माणसानं आठ पानांचा इंग्रजी करार माझ्याकडे सरकवला. "तुम्ही शिकलेल्या दिसता. समजावून सांगा यांना."

"बी.ए.ले हाय आमची पोरगी," आत्या म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.

मी पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं. पुढची वाक्यं इतकी लांब होती, की शेवटापर्यंत पोचताना सुरुवात विसरायची. तरी ओठ हलवत मी पानं उलटत राहिले.

"काय लिवलं हाय व पोरी?"

"काही नाही आत्या. आजीची नातेवाईक म्हणून सही पाहिजे."

मी आठही पानांवर बोट ठेवलं. तिनं आठही पानांवर सही केली.

उन्हाळ्यात जिनिंग बंद झालं. केंद्राचे तीन महिन्यांचे पैसे थकले आणि आम्ही आजीला घरी आणलं. केंद्रवाले बाबांना गाठतील असं वाटलं होतं. वकिलाची नोटीस गेली आत्याला.

"माह्या नावानं काहून आली?" ती फोनवर विचारत होती. "पैसे तं तुहा बाप भरत होता ना?"

मी कराराची प्रत काढली. सहाव्या पानावर लिहिलं होतं, की सही करणारी व्यक्ती जामीनदार आहे आणि बिल थकल्यास तिच्या स्वतःच्या पैशातून वसुली होईल. शब्दकोश घेऊन बसल्यावर ते कळत होतं. त्या दिवशीही विचारलं असतं तर कळलं असतं. मी आत्याला परत फोन केला आणि म्हणाले, "ते पान त्यांनी मागाहून घातलं असेल."

तिनं ते लगेच खरं मानलं. बाबा केंद्रात जाऊन भांडून आले. आत्या फसवणुकीची तक्रार करायला निघाली आणि मला घेऊन कोर्टातल्या मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे गेली. वाटेत चार वेळा तरी बोलायचं ठरवलं. बोलले नाही.

वकीलबाईंनी सहावं पान आत्यापुढे धरलं. "ही सही कोणाची?"

"माहीच."

"मग पान मागाहून कसं आलं?"

आत्या गोंधळली नाही. "हिले विचारा ना. हिनं सारं वाचलं होतं."

"मी वाचलं नव्हतं," मी म्हणाले. "मला समजत नव्हतं."

वकीलबाईंनी पान खाली ठेवलं. मग त्या आत्याला म्हणाल्या, "ही तक्रार दिली असती, तर खोटी म्हणून तुमच्यावरच उलटली असती." प्रत्येक खर्चाचं बिल मागा, हप्ते मागा, असं त्यांनी सांगितलं. सही मात्र सहीच होती.

आम्ही चालत बसस्टँडवर आलो.

"तुले येत नव्हतं तं सांगाचं होतं," ती म्हणाली. "मले तरी कुठं येते?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बिलं मागितल्यावर रक्कम थोडी कमी झाली. हप्ते मिळाले, पण पहिला मोठा हप्ता ताबडतोब भरायचा होता. बाबा तिला ते पैसे फेडणार आहेत, मीही शिकवण्या घेते. पण या वर्षी स्लॅब पडणार नाही. पोस्टातली ठेव मोडायच्या दिवशी तिनं मला सोबत बोलावलं. का बोलावलं, ते मी विचारलं नाही.

तिनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. पेन मात्र स्वतःच्या मुठीत धरलं. मागे रांग खोळंबली होती. मी एकेक ओळ वाचून सांगत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"हे मला कळत नाही, आत्या. खिडकीवर विचारून येते."

"ये विचारून," ती म्हणाली. पेनाचं टोपण तिनं अजून काढलं नव्हतं.