फोटोवालीच्या भिंती

आमच्या गल्लीत तिला सगळे फोटोवाली म्हणतात. घराच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती लोकांचे फोटो छापून देते. मी शाळेत शिकवायचे तेव्हा चौथीत ती माझ्या वर्गात होती. चित्रातलं आभाळ रंगवून झालं की वही खिडकीशी धरून खऱ्या आभाळाशी ताडून पाहायची, आणि घंटा झाली तरी जागची हलायची नाही.

तिच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच. "अगं, मोबाइलवर कसा छान उजळ दिसतोय, आणि कागदावर हा असा काळवंडलेला?" ती वाद घालत नाही. त्यांचाच मोबाइल घेते, त्याचा उजेड निम्म्यावर आणते आणि फोटो शेजारी धरते. "आता बघा, मावशी. मोबाइलच्या पोटात दिवा आहे. कागदाला बिचाऱ्याला खोलीत असेल तेवढ्याच उजेडावर भागवावं लागतं."

फोटो बघताना नजरेला दुसरा रंग लागू नये म्हणून तिच्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, कामाला बसताना अंगावर चढवायचा झगाही राखाडी. "सिमेंट उघडंच ठेवलंय का गं?" असं शेजारीण चिडवायची.

तिच्या सासऱ्यांनाही ते बघवायचं नाही. ते हाडाचे रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली. दोन वर्षांपूर्वी कंबरेचं ऑपरेशन झालं, शिडीवर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि त्यांनी ब्रशबरोबर बोलणंही टाकलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला तीन-तीनदा हाका माराव्या लागत.

मागे ती आठ दिवस माहेरी गेली. परत येऊन पाहते तो खोली पिवळीधमक! आपल्या मुलाला स्टूल धरायला लावून सासऱ्यांनी चारही भिंती स्वतःच्या हातानं रंगवल्या होत्या.

"काय सूनबाई, कसं वाटतंय? दिवसभर त्या ढगात बसून डोळे जायचे तुझे."

"झकास झालंय, बाबा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? दोन वर्षांनी ते हसत होते. त्या दिवशी त्यांनी मागून वाढून घेतलं, आणि येईल त्याला वर नेऊन खोली दाखवू लागले.

त्याच आठवड्यात एका डॉक्टरबाईंनी आपल्या आईचे जुने फोटो छापायला दिले. फोटोवालीनं नेहमीसारखा छापलेला कागद स्क्रीनशेजारी धरला. तो जरा पिवळट वाटला, म्हणून तिनं निळा वाढवला. दोन्ही अगदी सारखे दिसायला लागल्यावर सगळे छापले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पाकीट घेऊन दारात उभ्या.

"माझी आई आहे गं ही. थंडीनं काकडल्यासारखी का दिसते? ओठ तरी बघ."

फोटोवालीनं ते उन्हात धरले. प्रत्येक चेहऱ्यावर निळसर झाक होती. पिवळ्या भिंतींवरून परतणारा उजेड कागदावर पडत होता, आणि कागदात नसलेला पिवळा मारायला तिनं निळा ओतला होता.

सगळे फोटो तिनं पुन्हा छापले. मग रोजचंच झालं. एक-एक कागद घेऊन जिना उतरायचा, अंगणात उन्हाशी धरायचा, पुन्हा चढायचा. ढगाळ दिवशी कामच बंद. तरी दोन गिऱ्हाइकं तुटली.

"सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील, बाई."

"मग राहू दे पिवळा."

"मग माझं काम राहत नाही."



शेवटी एका दुपारी तिनं सासऱ्यांना अंगणात बोलावलं आणि एकाच फोटोच्या दोन प्रती त्यांच्या हातात दिल्या. "बाबा, यातला बिघडलेला कुठला?"

त्यांनी लगेच एक पुढे केला. "हा. निळा जास्त पडलाय. कुणी केलं हे?"

"मी. तुम्ही रंगवलेल्या खोलीत बसून."

ते कठडा धरून एक-एक पायरी चढत वर गेले. कोरा कागद घेऊन तो भिंतीजवळ धरला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" ते कडाडले. "रंग चुकला तर परकं गिऱ्हाईक तिथल्या तिथं ओरडतं. आणि तू घरची असून मला लहान पोरासारखं खेळवलंस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय? स्टूल आण."

दुकानातून आणलेल्या तयार राखाडी रंगाचा डबा त्यांनी उघडला आणि तोंड वाकडं केलं. "याला राखाडी म्हणतात? यात हिरवा लपून बसलाय." मग स्वतःच मिसळायला बसले. पांढऱ्यात काळा, त्यात कसला तरी थेंब, पुन्हा पांढरा.

रविवारी मी माझा फोटो आणायला गेले, तेव्हा पिवळ्या भिंतीवर तळहाताएवढे चार राखाडी पट्टे होते. सासरे मांडीवर रंगाचा मग घेऊन खुर्चीत बसले होते, आणि सूनबाई कोरा कागद एकेका पट्ट्याला लावून पाहत होती.

"तिसरा चालेल, बाबा."

"चालेल म्हणजे? नीट बघ. तांबूस आहे."

"मला नाही दिसत."

"उन्हात जाऊन ये, मग बघ."

ती मुकाट्यानं खाली गेली आणि वर आली. डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली.

"आहे हो थोडा," ती म्हणाली.

माझा फोटो झाला नव्हता. पाचवा पट्टा वाळल्याशिवाय तो होणार नाही, असं दोघांनी मला एका सुरात सांगितलं.