बगळ्यांचं रक्त काढणारे व्याही

खिशात सुई घेऊन फिरणारा इतका गरीब स्वभावाचा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल, पण ही खात्री पटेपर्यंत त्यांनी मला कितीदा हबकवलं ते मलाच ठाऊक. हे माझ्या मुलीचे सासरे. हिवताप खात्यात होते. घरोघर जाऊन तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, ही नोकरी. मुलगी बघायला आले, पोरीनं पोह्यांची बशी पुढे केली, तर यांनी बशीऐवजी तिचं बोट धरलं. "अंग गरम लागून राह्यलंय," म्हणाले, आणि सगळ्यांसमोर टोचलं. आमची माणसं उठून चालली होती. पोर हसली, म्हणून लग्न झालं.

निवृत्तीनंतर ते पाखरांवर आले. आमचं गाव घनसावंगीकडचं, गोदावरीजवळ. घरामागच्या चिंचेवर पावसाळाभर बगळे आणि पाणकावळे दाटीनं घरटी करतात. व्याही तेवढ्यासाठी दुपारच्या एसटीनं मुक्कामाला येत. पडलेलं पिल्लू उचलायचं, पंखाखालच्या शिरेतून थेंब काढायचा आणि काच वाळत ठेवायची ती माझ्या भाकरीच्या दुरडीवर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला तवा सुटला.

"पाखराचं हाय, विहीणबाई. माणसाचं न्हाई."

"मंग काय कालवणात घालू?"

एका वर्षी गावात तापाची साथ आली. इकडे पिल्लंही पटापट पडत होती. व्याह्यांनी जुन्या मायक्रोस्कोपात काच बघितली आणि पारावर जाऊन खुशीनं सांगून आले, बगळ्यांना हिवताप झालाय. दुपारी माझे चुलत दीर माणसं आणि कुऱ्हाड घेऊन दारात, ताप पाखरांचाच म्हणून चिंच तोडायला. मलाही त्या झाडाखालचा माशांचा वास नकोच होता. पण व्याही खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"पाखराचा हिवताप माणसाला लागत न्हाई. पिल्लं उडू द्या. तोवर मी इथंच बसतो. मला ताप आला तर झाडावर पहिला घाव मीच घालीन."

"बसा की," दीर म्हणाले. "टोपी कोण धुणार तेवढं सांगा."

बसले. डोक्यावर छत्री, छत्रीवर पांढरा सडा. एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर व्याही घोंगडीत मुटकुळं करून पडलेले, दात वाजत होते. कपाळाला हात लावला, चटका बसला. स्वतःचं बोट त्यांनी टोचून घेतलेलं, काच मुठीत, पण बघायची हिंमत नव्हती.

"हा माणसांतलाच ताप हाय, विहीणबाई. पण त्यांना कसं पटवू?"

तेवढ्यात बोळातून दिरांची हाक आली, "व्याही पडले का काय?"

"जेवून झोपलेत. तुम्हाला काय करायचंय?"

काच मी पदरानं पुसून टाकली. त्यांच्याच पिशवीतल्या हिवतापाच्या कडू गोळ्या त्यांना चारल्या, ताप उतरला. पिल्लं उडेपर्यंत दिरांना झाडाकडे फिरकू दिलं नाही.

चिंच अजून आहे, वासही आहे. व्याही जाऊन बरीच वर्षं झाली. बगळे उतरले की दुपारच्या एसटीच्या वेळी मी दारात येते. कोणी उतरत नाही. मंग आत जाऊन दार लावते, कारण वास फार येतो.