चाळीस हारांचा प्रँक

सुरुवात विपुलच्याच आगाऊपणानं झाली. मोर्शीच्या एका घाईतल्या वरबापाचा आवाज काढून त्यानं आपल्याच मनकर्णामामीला फोन केला, "बाई, उद्या साखरपुडा हाय, चाळीस हार पायजे!" राजापेठेत तीस वर्षं फुलं विकणाऱ्या मामीचा दंडक एकच : हळदकुंकू लावलेली सुपारी हातात पडल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. त्या दिवशी तिला वरबापाची कीव आली आणि तिनं सुपारीविनाच सुई उचलली. चाळिसावा हार ओवून झाला, तसा विपुल मोबाईल रोखून समोर उभा. "मामी, प्रँक!"

"म्हंजे काय रे?"

"गंमत. माणसाले फसवाचं आन् त्याचा व्हिडिओ काढाचा."

"फसवनंच ना मंग! इंग्रजीत सांगितलं त गोड लागते का?"

हार सुकले, व्हिडिओ गावोगाव फिरला, शब्द मात्र मामीनं ठेवून घेतला. नळाला पाणी येणार? प्रँक. जावई दिवाळीला येणार? प्रँक. गिऱ्हाईक गोड बोललं की ती आधी त्याच्या खिशातला मोबाईल पाही.

पंधरा दिवसांनी नांदगाव खंडेश्वरहून भगवंतरावांचा फोन आला. मुलीचं लग्न, दीडशे हार. सीझनमधलं सगळ्यात मोठं काम.

"विपुल्या, आवाज बदलून राहिला का?"

"मामी, मी तुह्यापुढंच बसून आहो!"

"मंग तुहा दोस्त असन." तिनं फोन कापला.

आता सुपारीच आणून दाखवायची, असं विपुलनं ठरवलं. गाडी काढून त्यानं तडक नांदगाव गाठलं. पण व्हिडिओ भगवंतरावांनीही पाहिला होता. "तूच ना थो हारवाला? तुह्या हाती सुपारी देऊ? चाल, मीच येतो."

मामीनं त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "हे भाऊ कोठून पकडून आणले रे? कॅमेरा कुठं लपवला?" सुपारी तिनं हुंगली, पण घेतली नाही.

भगवंतरावांनी टोपलीतला हार उचलला. "झेंडू शिळा, दोरा कच्चा. माह्या पोरीच्या लग्नात असं चालनार नाई, सांगून ठेवतो."

मामीचा चेहरा उजळला. "हे खरं गिऱ्हाईक! प्रँकवाले नावं नाई ठेवत." सुपारी कनवटीला गेली आणि सुई विपुलपुढं आली. "माह्ये चाळीस हार देणं लागतो तू."

लग्न होऊन महिना झाला. विपुल अजून संध्याकाळी दुकानात बसतो. मामीच्या पसंतीला नऊ उतरले, एकतीस बाकी. आणि तो मोजायला लागला की मामीही मोजते. पुन्हा, पहिल्यापासून. न जाणो, प्रँक असायचा.