अण्णांनी देऊन टाकलेला देह

‘माझ्या आजोबांना जाळलं,’ असं मी रागाने म्हटलं की लोक चमकून विचारतात, मग दुसरं काय करायचं असतं? त्यांना आमचे अण्णा माहीत नव्हते.

अण्णा म्हणजे गुणाजी शिगवण, माझ्या वडिलांचे वडील. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरच्या एका सोसायटीत लिफ्टमनचं काम धरलं आणि भाटवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत राजासारखे राहिले. हट्टी इतके की ब्रह्मदेव समजवायला आला असता तरी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. एकदा जिन्यावरून पडून त्यांची मांडी मोडली. पालिकेच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरने ती अशी बसवली की पुढच्या गणपतीत अण्णा कोकणातला बाल्या नाच नाचले. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली. हा पोरगा हाड जोडायला शिकला, तो कुणाच्या तरी हाडांवरच शिकला असणार. म्हणजे कुणीतरी मेल्यावर आपलं अंग दिलं असणार. मग आपणही द्यायचं.

त्यांनी देहदानाचा अर्ज भरला. जवळचा वारस म्हणून त्यावर माझ्या बाबांनी सही केली. मिळालेलं कार्ड अण्णांनी देव्हाऱ्याशेजारी लावलं आणि आल्यागेल्याला दाखवलं. कार्ड आहे म्हणजे काम झालं, असं त्यांना वाटायचं, आणि मलाही. शेवटी देह वारसांनीच नेऊन द्यायचा असतो, हे आमच्या घरात फक्त बाबांना ठाऊक होतं.

मी फिजिओथेरपीला लागले आणि पहिल्याच वर्षी हाडांनी माझी वाट लावली. पुस्तकातलं चित्र पाठ व्हायचं, पण हाताला काही लागायचं नाही. अण्णांनी बनियन काढलं आणि पालथे झोपले. “लिव माज्या पाटीवं. फळा मोठा हाय.”

अण्णा मूळचेच काटकुळे. खांद्याचं पातं, मणके, बरगड्या, सगळं बोटाखाली यायचं. मी काजळपेन्सिलने कडा आखायचे, नावं लिहायचे. मनगटातली बारीक हाडं मला सापडत नसत तेव्हा ते तासभर हात पुढे करून बसत. पाऊल माझ्या मांडीवर ठेवलं की म्हणत, “पाया पडायचं काम वाचलं तुजं.” आजी, म्हणजे वनमाला शिगवण, स्वयंपाकघरातून ओरडायची, “ह्या वयात गोंदवून घेताय, लाज हाय काय?”

“आज घरच्या पोरीला शिकवतो, उद्या कालेजातल्या पोरांना,” अण्णा म्हणायचे. “थय पन असाच पडून राहीन. पगार नको, रजा नको.”

माझी अॅनाटॉमीची तोंडी परीक्षा होती त्या दिवशी अण्णा गेले. मी घरातून निघाल्यावर थोड्याच वेळात, चहा पिता पिता. मला कुणी फोन केला नाही. परीक्षा झकास झाली म्हणून पेढे घेऊन मी घरी आले, तर दारात चपलांचा ढीग आणि आत आजी भिंतीला टेकून बसलेली. अण्णांना नेऊन, दहन उरकून सगळे परतलेही होते.

“कार्ड होतं ना? सही तुमचीच होती ना?” मी बाबांना विचारलं.

“सही त्यांचं मन राखायला केली होती गं. भावकी काय म्हणाली माहितीय? अंत्यविधी केला नाहीस तर शिमग्याला देवीची पालखी गावच्या तुझ्या दारात येणार नाही, म्हणजे वाळीतच. मी काय करणार?”

“मला फोन तरी करायचात.”

बाबा खाली बघत म्हणाले, “तू आली असतीस तर नेऊ दिलं नसतंस.”

म्हणजे परीक्षेचं निमित्त होतं. मला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. ज्या बाबांच्या हाताला धरून मी चालायला शिकले, त्यांनी मला इतक्या सफाईने फसवलं. मी पेढ्यांचा पुडा तसाच कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला पुरुष निघाले. मीही निघाले, आणि मला अडवायची कुणाची छाती झाली नाही. स्मशानात गुरुजी म्हणाले, पायापासून डोक्यापर्यंत प्रत्येक भागाचं एकेक हाड घ्या. राखेत बघून सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. भावकीतले विद्याधरकाका म्हणाले, “कुठलं काय, कळणार कसं?”

बाबांनी माझ्याकडे वळून, चक्क कौतुकाने सांगितलं, “आमच्या अक्षताला सगळी ओळखता येतात. घे गं तू, एकेक करून.”

मला ओळखू येत होती. मांडीच्या हाडाचं गोल डोकं, मणक्याचा तुकडा, टाच. 

“अण्णांनी ही शिकणाऱ्या पोरांना दिली होती, बाबा,” मी म्हणाले. “तुम्ही त्यांची चोरी केलीत. मी मडक्यात भरून देणार नाही.”

“हळू बोल,” बाबा म्हणाले. “लोक ऐकतायत.”

आणि त्यांनी घाबरून विद्याधरकाकांकडे बघितलं. माझ्याकडे नाही, आणि खाली राखेकडे तर नाहीच नाही.