सासूबाईंचा पाट

मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते. अनोळखी माणसांची गाऱ्हाणी ऐकायची, कुणाला वेळ द्यायची, कुणाची समजूत काढायची. बोलण्यात मला कुणी हरवणार नाही, अशी माझी ऐट होती. घरात मात्र सासऱ्यांशी, म्हणजे मामंजींशी, मी लग्नापासून थेट एक वाक्य बोलले नव्हते.

आमचं मूळ घर देवगाव रंगारीचं. आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नाही, मधे कुणीतरी लागतं. बजाजनगरच्या दोन खोल्यांत आलो, तशी ही रीतही सामानाबरोबर आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर डाळ निवडत बसायच्या. बाहेर खुर्चीत मामंजी, आत ओट्यापाशी मी. मामंजी म्हणायचे, तिला सांग, भाजीत मीठ लई झालंय. सासूबाई मान वळवून मला म्हणायच्या, मिठाला जरा हात आखडता घे गं, बाकी झकास झालीय. दोन्ही वाक्यं मला ऐकू यायची. उत्तर मी दुसऱ्या वाक्यालाच द्यायचे.

त्या गेल्या, पाट तिथंच राहिला. तेराव्यानंतर एका सकाळी मामंजी पाटाकडं बघून म्हणाले, तिला सांग, चहा ठेव म्हणावं. माझ्या अंगावर काटा आला. आणि मग मीही पाटाकडं बघूनच म्हणाले, दूध संपलंय, कोरा चालेल का विचारा. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. त्याच्या कंपनीत नुकतंच बोलण्याचं ट्रेनिंग झालं होतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, स्पष्ट बोलायचं. म्हटलं, मग आधी तूच बोल वडलांशी. तो पाण्याची बाटली भरून शिफ्टला निघून गेला.

पाटाची भीती हळूहळू सवयीची झाली. दुसरीच एक भीती घरात शिरली. मामंजींचे निरोप आता चाळल्याशिवाय माझ्यापर्यंत यायचे. तिला सांग, भूक नाय, म्हणाले की मी मुकाट ताट उचलायचे. त्यांचा कुठला 'नाय' खरा आणि कुठला नुसता म्हणायचा, हे सासूबाईंना कळायचं. मला नुसता शब्द कळायचा.

थंडीत मामंजी घरातही मोजे घालून फिरू लागले, डावा पाय जपून टाकत. त्यांना साखरेचा आजार. अशा माणसाच्या पायाला जखम झाली तर पुढं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पाटाला विचारलं, पायाला काही झालंय का? काय नाय म्हणावं, असं उत्तर आलं. नवऱ्यालाही तेच मिळालं. मग एका दुपारी फरशी पुसताना त्यांच्या खुर्चीपाशी ओला डाग दिसला, आणि वास आला.

मी फडकं टाकलं आणि जाऊन पाटावर बसले. सासूबाई गेल्यापासून तिथं कुणी बसलं नव्हतं. पाट कोमट लागला. खिडकीतलं ऊन तिथवर येत नाही.

मामंजी सवयीनं पाटाकडं बघून बोलायला गेले आणि थांबले.

"अगं, लई ठणकतंय गं," ते म्हणाले. "पोरांना सांगू नको."

हे सासूबाईंना होतं, मला नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि भीतीही वाटली. मी उत्तर दिलं तर त्या कायमच्या जातील, असं वाटत होतं.

"दाखवा बघू," मी म्हणाले.

त्यांनी मोजा काढला. करंगळी काळी पडली होती. रिक्षा बोलावली, नवऱ्याला कंपनीतून बोलावून घेतलं. करंगळी गेली, पाय वाचला.

आता मामंजी माझ्याकडं बघून बोलतात. पोरी, चहा ठेव गं, म्हणतात. मीही तोंडावर सांगते, साखर मिळणार नाही. नवरा म्हणतो, बघ, जमलं की नाही? जमलं. पण पाटाकडं आता आम्ही दोघंही बघत नाही.

परवा डाळ निवडायला मी पुन्हा तिथं बसले. पाट गार होता. मामंजी खुर्चीतून बघत होते.

"हाय का गं ती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि स्पष्ट म्हणाले, "नाय, मामंजी."

त्यांनी मान हलवली. मग पहिल्यांदाच ते माझ्यासमोर रडले.