नव्या बंपरवरचा नारळ
फुटलेल्या नारळाच्या पाण्याचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. काही वर्षांपूर्वी मी आमच्या जुन्या एसयूव्हीला नव्या मॉडेलचं तोंड बसवून घेतलं, ग्रिल, हेडलाइट, बंपर सगळं नवं. बोल्टची भोकं जुन्या चेसीला जुळेनात म्हणून साकोलीच्या गॅरेजवाल्यानं आठ दिवस रखडवलं आणि गाडी हातात दिली ती थेट दसऱ्याच्या सकाळी. अंगणात हळदकुंकू लावेपर्यंत सगळं ठीक होतं. मग बाबांनी दरवर्षीसारखा बंपरवर फोडायला नारळ उचलला. "बाबा, थांबा ना, पलास्टिकचा हाय तो!" मी ओरडेपर्यंत दणका बसलाही होता. नारळ शाबूत, बंपरला हातभर तडा. वर बाबा माझ्यावरच डाफरले, "एक नारळ सोसत नाही याले, मंग जुना काहून काढला बे?" तसेच तणतणत गेले, भंगारात द्यायला म्हणून मी गोठ्याला टेकवून ठेवलेला जुना लोखंडी बंपर ओढत आणला, त्याच्यावर नारळ फोडला आणि पाणी नव्या तोंडावर शिंपडलं. तडा गेलेला बंपर मी केव्हाच बदलला. पण दसऱ्याला तो गंजका लोखंडी बंपर अजून मलाच गाडीपुढे आणून ठेवावा लागतो, आणि बाबा झेंडूचा हार आधी त्यालाच घालतात.