दुपारची निवेदिका
लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले, तेव्हा मला कन्नडचा गंधही नव्हता. दुपारी रेडिओवर एक निवेदिका श्रोत्यांची पत्रं वाचून गाणी लावायची. तिचं ऐकून ऐकूनच मी चार माणसांत कन्नड बोलायला लागले.

साठ सालानंतर कधीतरी तिचा आवाज अचानक बंद झाला. भजन, सिनेमाची गाणी, वाद्यवादन, सगळं एकामागून एक वाजायचं. कोण गातंय तेही कुणी सांगेना. मी तडक आकाशवाणी केंद्रावर गेले.

तिथले साहेब हसून म्हणाले, "अम्मा, निवेदन काढून टाकलं, म्हणून आता गाणी जास्त लागतात. तक्रार कसली?"

मी कन्नडमध्येच सुनावलं, "ही भाषा मला तिनं शिकवली. तिला साधा निरोपही घेऊ दिला नाहीत!"

ती काही परतली नाही. माझा राग अजून गेलेला नाही.